‘योजनेत बसत नाही’ म्हणजे नेमकं काय बसत नाही?

पत्र थोडक्यात : सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय 39. वडील 66 वर्षांचे, शेती करतात, घरी केशरी रेशनकार्ड. दोन महिन्यांपूर्वी मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळा सुरू झाल्या. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून ‘लगेच शहरात हलवा’ म्हटलं. शहरातलं मोठं खासगी रुग्णालय राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत आहे हे ठाऊक असल्यामुळे तिथेच नेलं. काउंटरवर सांगण्यात आलं, “प्लास्टी योजनेतून होईल, पण अँजिओग्राफी योजनेत बसत नाही. त्याचे साडेचौदा हजार आधी भरा.” (अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा, ‘ब्लॉक’, शोधणारी तपासणी. प्लास्टी म्हणजे तो उघडून तिथे ‘स्टेंट’ ही बारीक जाळी बसवणं.) पैसे भरले, कच्ची पावती मिळाली. एका कागदावर ‘तपासणीचा खर्च स्वखुशीने करीत आहोत’ अशी सही घेतली. दुपारी योजनेतून स्टेंट बसला. ॲडमिट असताना रुग्णालयाच्याच मेडिकलमधून 6,200 रुपयांची औषधं आणायला लावली. घरी आल्यावर सहाव्या दिवशी, मनगटात सुई घातली होती तिथे सूज येऊन हात काळानिळा पडला. परत नेलं तेव्हा ‘फॉलोअप योजनेत बसत नाही’ म्हणून 2,300 घेतले. त्याच फेरीत आईचीही शुगर आणि ईसीजी करून घेतला, त्याचे 1,100. एकूण 24,100 रुपये गेले. पुण्यातला भाऊ म्हणतो, “तू सही केलीस, विषय संपला. मेडिक्लेममध्येही असंच कापतात.” वडील म्हणतात, “त्यांनी जीव वाचवला, आता हिशेब काय मागतेस?” ताई विचारतात : “मी वाचल्याशिवाय सही केली ही चूक माझीच ना? तक्रार केली तर बाबांना पुढे तिथेच न्यायचंय, डॉक्टर मनात धरतील का? आणि मुळात योजनेत काय बसतं नि काय नाही, हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?”

ताई,

तुमचं पत्र वाचताना मी एका शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. ‘बसत नाही’ हा शब्द पत्रात सात वेळा आलाय. अँजिओग्राफी बसत नाही, फॉलोअप बसत नाही, औषधं बसत नाहीत. हे वाक्य महाराष्ट्रातल्या रुग्णालयांच्या काउंटरवर दिवसभर ऐकू येतं. मी एकवीस वर्षं सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते, मीसुद्धा ते शेकडो वेळा उच्चारलं असेल. त्या वाक्याला कर्ता नसतो. कोण बसत नाही? तुमचे वडील? त्यांचा आजार? हे रुग्णालय? की हातातला कागद? काउंटरवरचा माणूस सांगत नाही आणि आपण विचारत नाही, कारण मागे रांग असते आणि स्ट्रेचरवर आपलं माणूस असतं.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिले दोन निम्मे सुटतात.

कधीकधी माणूसच बसत नाही. ही योजना 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर गेली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. तेव्हा मुख्यतः पिवळं आणि केशरी कार्ड चालायचं. जुलै 2024 पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडून विस्तारित स्वरूपात आली, पांढरं कार्डही त्यात घेतलं गेलं आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण झालं. तुमचं कार्ड केशरी आहे, म्हणजे तुम्ही जुन्या नियमातही होता. पण हे वाचणारं एखादं पांढऱ्या कार्डाचं घर अजून ‘आपण कुठले त्यात’ म्हणून गप्प बसलं असेल, तर त्यांनी परत विचारावं. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वेगळं वयवंदना कार्ड निघतं, तेही काढून ठेवावं.

कधी रुग्णालय बसत नाही, आणि इथे एक मेख आहे. सरकारी भाषेत योजनेतल्या रुग्णालयाला ‘अंगीकृत’ म्हणतात. बाहेर योजनेची पाटी असते म्हणून आपण धरून चालतो की आत सगळंच योजनेत आहे. प्रत्यक्षात अंगीकार विषयवार होतो. हाडांसाठी अंगीकृत असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. शिवाय काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेले असतात. तेव्हा खासगीवाला ‘बसत नाही’ म्हणतो ते खरं असतं, पण अर्धंच. ‘इथे बसत नाही, सिव्हिलमध्ये बसतं’ हे पूर्ण वाक्य तो बोलत नाही.

कधी कागद बसत नाही. एक आजोबा मला अजून आठवतात. रेशनकार्डावर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानदेव. त्यांना तीन दिवस ‘बसत नाही’ सांगत होते आणि ते समजत होते की आपला आजारच सरकारला नको आहे. चौथ्या दिवशी मुलगी धोतराच्या घडीत ठेवलेलं रेशनकार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आली, तेव्हा उलगडा झाला. नावातल्या फरकाचा विषय होता, अर्ज आणि दाखल्याने दीड दिवसात मिटला.

आणि कधी फक्त वेळ झालेली नसते. योजनेतला उपचार सुरू करण्याआधी रुग्णालय कागद ऑनलाइन चढवून मंजुरी मागतं, ज्याला सगळे प्री-ऑथ म्हणतात. पलीकडून शंका आली की स्टाफ म्हणतो ‘क्वेरी पडली’. क्वेरी पडणं आणि नामंजूर होणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. क्वेरीला उत्तर द्यायचं असतं, एखादा रिपोर्ट जोडायचा असतो, आणि ते काम रुग्णालयाचं आहे. घरच्यांना मात्र सांगितलं जातं ‘अजून बसलं नाही’, आणि ते बिचारे दागिने गहाण ठेवायला निघतात.

आता तुमचं प्रकरण यावर ठेवून बघा. वडील बसले, नाहीतर प्लास्टी मंजूरच झाली नसती. रुग्णालय हृदयासाठी अंगीकृत आहे, आजार यादीत आहे, कागदही ठीक होते. मग उरलं काय? उरते ती एका शब्दाची व्याख्या. उपचार कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो?

योजनेत रुग्णालयाला पैसे ‘पॅकेज’ने मिळतात. हा शब्द आपण दोन उलट अर्थांनी वापरतो. घरचे समजतात, पॅकेज म्हणजे आपल्याला मिळालेली रक्कम, ती संपली की वरचे आपण भरायचे. नियमात अर्थ वेगळा आहे. एका उपचाराचा सगळा खर्च मिळून रुग्णालयाला मिळणारा एकच ठरलेला आकडा. त्यात जनरल वॉर्डातली खाट, नर्सिंग, डॉक्टर आणि भूलतज्ज्ञांची फी, ऑपरेशन थिएटर, रक्त, ऑक्सिजन, औषधं, स्टेंटसारखी शरीरात बसवायची वस्तू, तपासण्या, रुग्णाचं जेवण हे सगळं आलं. एवढंच काय, घरी परतायचं एसटीचं भाडंही त्यात धरलेलं आहे. आणि राज्याच्या योजनेच्या मूळ शब्दांत हे पॅकेज रुग्ण रुग्णालयात आल्या तारखेपासून डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंत चालतं, त्या काळात काही गुंतागुंत झाली तर तीही धरून. केंद्राच्या योजनेत भरतीच्या आधीचे तीन आणि नंतरचे पंधरा दिवस आहेत.

तुमच्या वडिलांचा हात सहाव्या दिवशी सुजला. राज्याचे दहा घ्या नाहीतर केंद्राचे पंधरा, सहावा दिवस दोन्हींत बसतो. आणि सुई घातली तिथेच सूज येऊन हात काळानिळा पडणं म्हणजे गुंतागुंत नाही तर काय? ते 2,300 रुपये घ्यायला नको होते, असं मी इथे बसून कागदावरूनच म्हणू शकते.

अँजिओग्राफीचा मुद्दा जरा बारीक आहे. योजनेच्या ‘यात नाही’ यादीत एक कलम असतं. भरती न होता, केवळ निदानासाठी केलेला खर्च मिळणार नाही. काउंटरवरचा माणूस बहुधा या कलमाच्या खुंटीला साडेचौदा हजार टांगून मोकळा झाला. समजा, तुमचे वडील चालत येऊन अँजिओग्राफी करून गेले असते, सगळं नॉर्मल निघालं असतं आणि संध्याकाळी घरी परतले असते, तर त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं असतं. पण तसं झालं नाही. छातीत कळा, रात्री भरती, सकाळी अँजिओग्राफी, तिच्यात ब्लॉक दिसला, दुपारी स्टेंट. हे एकच ॲडमिशन आहे. अँजिओग्राफी केल्याशिवाय प्लास्टीची मंजुरीही मागता येत नाही, कारण मंजुरीसाठी तिचाच रिपोर्ट जोडावा लागतो. केंद्राच्या पॅकेज-यादीत तर अँजिओप्लास्टीच्या नावातच ‘निदानाच्या अँजिओग्राफीसह’ असे शब्द आहेत. सकाळचा रुग्ण योजनेबाहेरचा आणि दुपारचा तोच रुग्ण योजनेतला, असं होत नाही.

रुग्णालयाचं यावर एक उत्तर तयार असेल : ‘तेव्हा मंजुरी आलेली नव्हती.’ त्यासाठीही सोय आहे. तातडीच्या रुग्णासाठी रुग्णालय फोनवरून कळवून तात्पुरती मंजुरी घेऊ शकतं, कागद मागाहून देता येतात. रात्री दोनला आलेला छातीत दुखणारा माणूस तातडीत धरायचा नाही तर कुणाला धरायचं?

रुग्णालयांची बाजूही मला ठाऊक आहे. पॅकेजचे दर परवडत नाहीत, बिलं महिनोन्‌महिने अडकतात, हे ते ओरडून सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण ते भांडण त्यांचं आणि सरकारचं. त्याची वसुली रात्री दोन वाजता तुमच्या पर्समधून का?

आता तुमच्या हिशेबातलंही एक-दोन ठिकाणी खोडते. आईची शुगर आणि ईसीजी ही ओपीडीतली तपासणी, आई भरती नव्हती. ते 1,100 रुपये योजनेत येत नाहीत, तक्रारीत घालू नका. घातलेत तर समोरचा आधी त्यावरच बोट ठेवेल आणि बाकीच्या मुद्द्यांचं वजन कमी होईल. औषधांच्या 6,200 मध्ये दोन प्रकार असणार. बिलं उघडून तारखा बघा. ॲडमिट असतानाच्या तारखांची औषधं, इंजेक्शनं, सलाईन, सिरिंज हे पॅकेजमधलं. डिस्चार्जच्या दिवशी महिन्या-दोन महिन्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिपा दिल्या असतील, तर ठरावीक दिवसांपुढच्या गोळ्या तुमच्याच. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या दीर्घकाळ चालतात आणि योजना तो रोजचा खर्च उचलत नाही. ही या योजनेतली मोठी पोकळी आहे असं माझं मत आहे. भरती झालात तर लाखोंचं छत्र, घरी आल्यावर शंभर रुपयांच्या स्ट्रिपेला काही नाही. त्यावर एक वाट सांगते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. डिस्चार्ज कार्ड घेऊन सिव्हिलच्या किंवा उपजिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत जा, यातल्या कोणत्या गोळ्या तिथे मिळतात ते विचारा. उरलेल्यांसाठी जनऔषधी केंद्र. गोळी बंद मात्र एक दिवसही करू नका आणि बदलायची झाली तर डॉक्टरांना विचारूनच.

तुमच्या सहीचं काय? तुम्ही लिहिता, ‘वाचल्याशिवाय सही केली ही माझीच चूक.’ ताई, वडील आत स्ट्रेचरवर, हातात कुणाचं तरी बॉलपेन, समोर चार कागद आणि ‘इथे, इथे आणि मागच्या बाजूला’ म्हणत फिरणारं बोट. त्या क्षणी कागद वाचणारा माणूस मी एकवीस वर्षांत पाहिला नाही. वकीलही वाचत नाहीत. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द तिथे छापलेलाच होता ना? तुम्ही हाताने लिहिला नव्हता. पैसे भरल्याशिवाय अँजिओग्राफी होणार नाही असं सांगून घेतलेली सही खुशीची कशी?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, योजनेतल्या रुग्णांकडून पैसे घ्यायचे नाहीत हा करार रुग्णालयाने तुमच्याशी केलेला नाही. तो योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीच्या व्यवस्थेशी केलेला आहे. तुमच्या सहीने तो बदलत नाही. रुग्णाने योजना नको म्हणून स्वतः खासगीत उपचार घ्यायचं ठरवलं, स्पेशल रूम मागितली, तर गोष्ट निराळी. तुम्ही योजना मागितली आणि ती मिळालीही. त्या सहीमुळे तुमची बाजू थोडी अवघड होते, एवढंच. संपत नाही.

भाऊ मेडिक्लेमचे दाखले देतो ते प्रामाणिकपणेच देत असेल. शब्द सारखे असल्यामुळे हा घोळ पुष्कळांचा होतो. कंपनीच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असते, ती ओलांडली की बाकीच्या बिलालाही त्या प्रमाणात कात्री लागते. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सरकारी योजनेत हे नाही. वडिलांना दहा वर्षांपासून डायबेटिस असला म्हणून हृदयाचा उपचार नाकारता येत नाही. मेडिक्लेममध्ये बिल तुमचं आणि कंपनी त्यातलं काही देते, इथे तुमच्या नावाने बिलच निघायचं नसतं. ‘चोवीस तास’ हा शब्दही असाच. भरती म्हणजे साधारण चोवीस तास, हे दोन्हीकडे आहे. पण डायलिसिससारखे जे उपचार काही तासांत होतात त्यांना ‘डे केअर’ म्हणून धरलेलं आहे. ‘रात्रभर राहिला नाहीत म्हणून बसत नाही’ असं कुणी डायलिसिसच्या रुग्णाला म्हणालं, तर ते चूक आहे.

आता मूळ पेच : तक्रार करावी की नाही?

वडिलांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. ज्या हातांनी स्टेंट बसवला त्यांच्याबद्दल त्यांच्या मनात कृतज्ञता आहे आणि ती असायलाच हवी. पण स्टेंट बसवणारे डॉक्टर आणि साडेचौदा हजारांची कच्ची पावती फाडणारा काउंटर ही दोन वेगळी खाती आहेत. मी पाहिलेल्या बऱ्याच प्रकरणांत डॉक्टरांना हे पैसे घेतल्याचा पत्ताही नसे. काहींना असे, हेही खरं. तुमच्या डॉक्टरांना आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही, मलाही नाही. म्हणून त्यांच्यावर आळ घेऊन सुरुवात करू नका, आणि ते डूख धरतील असंही धरून चालू नका.

गप्प बसणं हाही एक पर्याय आहे. 23,000 रुपये विसरून जाऊन घरात शांतता राहणार असेल, तर तुम्हाला कुणी दोष देणार नाही. पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही. दोन महिने झाले तरी तुम्ही आकडे पाठ म्हणताय. आणि वडिलांना पुन्हा तिथे न्यायचं आहे, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाक्य पुन्हा ऐकायचं आहे.

थेट तक्रारीच्या आधी एक पायरी आहे, तीच मी तुम्हाला सुचवेन. रुग्णालयाकडे लेखी विचारणा करा. तक्रार म्हणायचं नाही, आरोप नाही, सोशल मीडियावर फोटो नाही. साध्या कागदावर, मराठीत, रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे. आधी वडिलांचं नाव, भरतीची आणि डिस्चार्जची तारीख, योजनेतला मंजुरी क्रमांक. मग एकच प्रश्न : ‘योजनेतून मंजूर झालेल्या उपचाराच्या काळात आमच्याकडून पुढील रकमा घेण्यात आल्या, त्या योजनेच्या कोणत्या नियमाने घेतल्या ते लेखी कळवावे, अन्यथा रक्कम परत मिळावी.’ खाली तीन रकमा, तारखा. आईच्या तपासणीचा उल्लेखही नको. दोन प्रती काढा, एकीवर आवक शिक्का आणि सही घ्या. शिक्का द्यायला नकार दिला तर स्पीड पोस्टाने पाठवा. माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं या कागदावरच मिटतात. ‘कोणत्या नियमाने’ हे शब्द लेखी आले की काउंटरवरचं ‘बसत नाही’ लेखी उत्तरात टिकत नाही.

पंधरा-वीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. योजनेच्या खिडकीवर बसणारा हा मुलगा किंवा मुलगी रुग्णालयाच्या पगारावर नसतो, योजनेकडून नेमलेला असतो. रोज त्याच इमारतीत चहा प्यायचा असल्यामुळे कधी कधी तो रुग्णालयाच्या बाजूने बोलतो, ते समजून घ्या आणि त्याच्याकडून जिल्हा समन्वयकाचा नंबर मागा. त्याच दिवशी योजनेच्या हेल्पलाइनवर, 155388 किंवा 1800 233 2200, फोन करून तक्रार नोंदवा आणि नोंद क्रमांक लिहून घ्या. आयुष्मानची केंद्रीय हेल्पलाइन 14555 आहे. योजनेतल्या रुग्णाकडून घेतलेले पैसे परत करायला लावण्याची आणि वर कारवाईची तरतूद नियमांत आहे. किती दिवसांत होईल याचं वचन मी देणार नाही.

तक्रार द्यायच्या आधी मात्र सगळे कागद हातात घ्या : डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, स्टेंटचं स्टिकर आणि अँजिओग्राफीची सीडी. ती सीडी बहुतेक जण मागतच नाहीत. ती हातात असली की उद्या संबंध बिघडलेच तरी वडिलांना दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाकडे नेता येतं, तपासणी पुन्हा करावी लागत नाही. तुमची खरी भीती ‘त्यांनी दार बंद केलं तर’ ही आहे ना? तर दुसरं दार आधी शोधून ठेवा. जिल्ह्यातलं आणखी कोणतं रुग्णालय हृदयासाठी अंगीकृत आहे हे हेल्पलाइनवर विचारता येतं.

ज्यांच्यावर ही वेळ अजून आलेली नाही त्यांना थोडं. काउंटरवर ‘बसत नाही’ ऐकलं की शांतपणे विचारा, ‘काय बसत नाही? माणूस, आजार, रुग्णालय की कागद? या कागदावर लिहून द्या.’ लिहून देतो म्हणणारा सहसा खरं सांगत असतो. पैसे भरावेच लागले तर भरा, माणूस आधी, पण पक्की पावती मागा आणि ती कशाची आहे हे तिच्यावर लिहून घ्या. डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाच्या कागदावर सही मागतील. ‘एकही रुपया दिला नाही’ असं छापलेलं असेल आणि तुम्ही दिला असेल, तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा, ‘इतके रुपये भरले’. पेन आपल्याच हातात असतं.

रुग्णालय योजनेत नसेल पण धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर वेगळी चौकशी करा. सार्वजनिक विश्वस्त कायद्यातल्या 41 कक कलमाखालच्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. तिथे योजनेच्या काउंटरवर न जाता समाजसेवकाला भेटायचं, आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्यायचा. तहसीलचा दाखला आजारपणाच्या आधी काढून ठेवलेला बरा, रात्री दोनला तलाठी भेटत नाही.

वडिलांना काय सांगायचं, तेही सांगते. त्यांना न विचारता अर्ज देऊ नका, अर्ज त्यांच्याच नावाने जायला हवा. शेतकरी माणूस आहे. बाजार समितीत माल नेला की हमाली, तोलाई, अडत यातलं काय कुणी भरायचं हे त्यांना तोंडपाठ असेल. एखाद्याने नको ती कपात केली तर पट्टीवर बोट ठेवून ते विचारतात आणि पुढच्या आठवड्यात त्याच आडत्याकडे माल घालतात. हेही तसंच आहे असं म्हणून बघा. माझा अंदाज आहे, ते सही करतील.

एक काम मात्र उद्यावर टाकू नका. मेडिकलची बिलं गुळगुळीत पांढऱ्या कागदावर असतील, तर ती थर्मल छपाई आहे. पिशवीत, उन्हात, गादीखाली राहिली की अक्षरं उडतात. दोन महिने झालेत. आज संध्याकाळीच उजेडात ठेवून त्यांचे आणि त्या साडेचौदा हजारांच्या कच्च्या पावतीचे फोटो काढा, आणि गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून दोन-दोन प्रती काढून घ्या.